‘छान!’च्या पुढचे बोलणे

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव असे मुक्काम करीत फलटणला पोहोचते. विमानतळाच्या विस्तीर्ण मैदानावर राहुट्या उभ्या राहतात आणि एका रात्रीपुरते, क्वचित दोन रात्रींपुरते, शहराच्या कुशीत दुसरे शहर वसते. या दुसऱ्या शहरात टाळ-मृदंगांच्या जोडीने आता कॅमेऱ्यांचीही दाटी असते. पुण्या-मुंबईहून आलेले हौशी छायाचित्रकार, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी, गावातले स्टुडिओवाले, महाविद्यालयीन मुले आणि खुद्द वारकऱ्यांच्या हातातले मोबाइल. त्याच रात्री ही छायाचित्रे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरू लागतात. प्रत्येकाखाली ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘माउली’ असे शब्द उमटतात. दुसऱ्या दिवशी पालखी बरडकडे निघते आणि छायाचित्रेही पडद्यावर खाली खाली सरकत दिसेनाशी होतात.

पुढच्या आषाढात पुन्हा तीच छायाचित्रे. डोक्यावर तुळस घेतलेली आजी, सुरकुत्यांनी भरलेला हसरा चेहरा, हवेत उडालेली फुगडी, रिंगणातला अश्व. काढणारे नवे असले तर यात गैर काही नाही. प्रत्येकाने एकदा हे काढावेच. परंतु पाच वर्षे वारीच्या मागे फिरणाऱ्याच्या नजरेतही पाच वर्षांचा फरक दिसत नाही, तेव्हा प्रश्न पडतो. कॅमेरे सुधारले, लेन्सा महागल्या, छायाचित्रे दाखवण्याची सोय तर पूर्वी कधी नव्हती एवढी झाली. मग अडते कुठे? अडते ते दाखवण्यानंतरच्या बोलण्यात. ‘अप्रतिम’ हा शब्द मराठीत इतका स्वस्त पूर्वी कधीच नव्हता, आणि त्या शब्दाने आजवर कोणाला पुढचे छायाचित्र काढायला शिकवलेले नाही.

छायाचित्र इतरांना दाखवून त्यावर मते ऐकण्याची गरज काय, हे समजण्यासाठी फलटणच्या पालखीतळावरचाच एक प्रसंग पाहता येईल. पालखी तळावर आली की समाजआरतीपूर्वी सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंचावतो आणि क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीला काही तक्रार मांडायची असेल, त्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकली जाते, हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, दुसऱ्या दिवशीच्या वाटचालीची वेळ सांगितली जाते आणि आरती सुरू होते. ती अचानक पसरलेली शांतता ज्याने एकदा अनुभवली, तो ती विसरत नाही.

आता समजा, एका छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण टिपला. घरी येऊन तो ते छायाचित्र पाहतो, तेव्हा त्याच्या अंगावर काटा येतो. कारण पाहताना त्याच्या कानात टाळांचा कल्लोळ थांबतो, पायांना मैदानाची माती लागते, संध्याकाळचा वारा जाणवतो. हेच छायाचित्र तो वारी न पाहिलेल्या मित्रापुढे ठेवतो. मित्राला काय दिसते? पुष्कळ माणसे उभी आहेत. बस्स. छायाचित्र मुळातच मुके असते. त्यात टाळ वाजत असले काय आणि थांबले काय, कागदावर सारखेच. काढणाऱ्याला दिसते ती त्याची आठवण आणि पाहणाऱ्याला दिसते ती फक्त चौकट. या दोहोंमधले अंतर काढणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी कधीच मोजता येत नाही. ते दुसऱ्यानेच सांगावे लागते. छायाचित्रांवरील चर्चेचे सारे महत्त्व या एका गोष्टीत आहे. बाकीचे फायदे त्यामागून येतात.

‘माणसे नुसती उभी आहेत’ हे वाक्य ऐकायला कडू लागते. पण कामाला लागायचे ते तिथूनच. शांतता दिसावी कशी? दंड उंचावलेला चोपदार चौकटीत असेल तर सगळ्या माना एकाच दिशेला का वळल्या आहेत ते कळेल. जवळून घेतले तर एकमेकांपासून बोटभर अंतरावर थबकलेले टाळ दाखवता येतील. आणखी एक वाट आहे, ती अधिक अवघड. शटरचा वेग सेकंदाच्या आठव्या किंवा पंधराव्या भागापर्यंत उतरवायचा आणि कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवायचा. स्थिर उभे असलेले वारकरी स्पष्ट येतील. तक्रार असलेल्या दिंडीचे हलते टाळ मात्र पुसट, धुरकट होतील. एवढ्या निश्चल समुदायात एकच जागा थरथरते आहे, हे वारी न पाहिलेल्यालाही दिसेल आणि तो विचारील, ‘हे इथे काय चालले आहे?’ मित्राच्या एका नीरस वाक्यातून पुढच्या वर्षीच्या छायाचित्राचा आराखडा असा तयार होऊ शकतो. दंड उंचावल्यावर कुठे उभे राहायचे हे मात्र आधी ठरवून ठेवावे लागते. तो क्षण पुन्हा मिळत नाही.

एकमेकांना छायाचित्रे दाखवून त्यांवर खल करण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था १८५३ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. कोलकाता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी आल्या. छायाचित्रण ही तेव्हा रसायनांनी बोटे काळी करणारी, खर्चिक आणि बेभरवशाची विद्या होती. सभासद एकत्र जमत, आपली छायाचित्रे मांडत, कुठले द्रावण या हवेत टिकते आणि कुठले बिघडते याची माहिती एकमेकांना देत. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या कामात होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील आरंभीच्या व्यावसायिक भारतीय छायाचित्रकारांपैकी एक ठरले. कॅमेरा विकत घेणे ही एक गोष्ट आणि चार जाणत्यांच्या पंगतीत आपले काम ठेवणे ही दुसरी, हे त्या पिढीला पुरते उमगले होते.

विसाव्या शतकात या परंपरेला सलोनचे वळण मिळाले. मुंबईत १९३७ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली, १९५३ साली देशभरातील अशा संस्थांचा महासंघ झाला, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धा-प्रदर्शने भरू लागली. सलोनची पद्धत सरळ असते. परीक्षक, बहुधा तिघे, एकामागून एक छायाचित्रे पाहतात. प्रत्येकाला काही सेकंद मिळतात, गुण दिले जातात आणि ठराविक गुणांवरची छायाचित्रे ‘स्वीकृत’ होतात. या पद्धतीने अनेकांना शिस्त लावली. छपाई स्वच्छ कशी असावी, क्षितिज तिरपे का नसावे, मुख्य विषयामागून विजेचा खांब कसा उगवू नये, हे लहान गावांतल्या हौशी मंडळींना सलोनमुळे कळले. तरीही तिची मर्यादा उघड आहे. तेरा गुण मिळाले, की सतरा, एवढे कळते. का मिळाले ते कळत नाही. शिवाय काही सेकंदांत नजरेत भरणारे छायाचित्रच तिथे तगते. संथ, दुसऱ्यांदा पाहिल्यावर उलगडणारे छायाचित्र मागे पडते. बघता बघता छायाचित्रकार परीक्षकाला आवडेल तेच काढू लागतो, आणि मग धुक्यातला मेंढपाळ आणि खिडकीतून पडणारा प्रकाशाचा झोत यांची भाऊगर्दी होते. आजच्या काळातील ‘लाइक’ म्हणजे सलोनचेच गुण. फक्त परीक्षक हजारो आणि सेकंद मात्र एखाददुसरा.

मग उपयोगी पडेल असे बोलणे कसे असावे? अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास कलाकृतीवर अभिप्राय देण्याची एक पद्धत बसवली. ती मूळची नृत्यासाठी असली, तरी छायाचित्रांना नेमकी लागू पडते. तिच्यात प्रथम पाहणारे सांगतात, की आपल्याला यात काय जाणवले, काय लक्षात राहिले. नंतर कलावंत स्वतः प्रश्न विचारतो. मग पाहणारे प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नांत मत दडलेले नसावे असा दंडक असतो. मत सगळ्यांत शेवटी, आणि तेही कलावंताने ‘सांगा’ म्हटल्यावर. ‘इतका काळोख कशाला ठेवलास?’ हा प्रश्न नसून फटकारा आहे. ‘सावलीतला भाग ठेवताना काय मनात होते?’ हा खरा प्रश्न. पहिल्यावर माणूस बचाव करू लागतो, दुसऱ्यावर तो विचार करू लागतो.

आपल्याकडे या क्रमात सर्वांत अवघड जाते ती पहिली पायरी. नुसते दिसते ते सांगणे आपल्याला बाळबोध वाटते, आणि थेट निकाल देण्यात जाणतेपणा वाटतो. छायाचित्रकारालाही गप्प बसवत नाही. छायाचित्र समोर ठेवताक्षणी तो सांगू लागतो, की इथे किती गर्दी होती, आपण टँकरच्या टपावर कसे चढलो, मागून पोलीस कसा ओरडत होता. हे सारे ऐकल्यावर पाहणाऱ्याची नजर बिघडते. त्यालाही आता चौकटीऐवजी गोष्ट दिसू लागते. म्हणून जिथे गांभीर्याने चर्चा होते, तिथे एक साधा नियम पाळला जातो: पाहणाऱ्यांचे बोलून होईपर्यंत काढणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. पाच मिनिटांचे हे मौन सुरुवातीला फार जड जाते.

अनेकदा पाहणाऱ्याचे निरीक्षण अडाणी भाषेत येते, आणि तेच नेमके असते. ‘सगळ्यांचे कपडे मळकट का दिसतात?’ असे वारीचे छायाचित्र पाहून एखादी गृहिणी विचारते. तिला एक्स्पोजर ठाऊक नसते, पण दोष तिने बरोबर पकडलेला असतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सर्वसाधारणपणे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. पांढरी धोतरे, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या यांनी चौकट भरली, की तो फसतो. प्रकाश जास्त आहे असे समजून चित्र काळवंडवतो. पांढऱ्याचे करडे होते आणि टोपीखालचे सावळे चेहरे तर काळोखात बुडतात. उपाय एवढाच, की अशा वेळी एक्स्पोजर एका टप्प्याने, प्रसंगी दीड टप्प्याने वाढवावे. उलट अंधाऱ्या राहुटीत कंदिलाजवळ बसलेला एकच वारकरी असेल, तर मापक अंधाराला भुलतो आणि टोपीचा पांढरा भाग पार जळून जातो. तिथे ते कमी करावे लागते. आषाढातही फलटणचे आकाश अनेकदा कोरडे असते. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. दिवेघाटात ढगांनी गाळून दिलेला मऊ प्रकाश इथे मिळेलच असे नाही. दुपारच्या उन्हात टोपीची सावली डोळ्यांवर पडते. पुस्तकात हे सारे वाचता येते. परंतु आपल्याच छायाचित्रातला मळका सदरा कोणी बोट ठेवून दाखवला, की ते कायमचे लक्षात राहते.

दाखवण्यापूर्वी निवडणे आले, आणि निवड हीसुद्धा समीक्षाच आहे. फिल्मच्या काळात छत्तीस छायाचित्रांचा एक रोल असे. त्याचे काँटॅक्ट शीट काढले, की छत्तीसही चौकटी एका कागदावर बोटभर आकारात दिसत. कोणत्या चौकटीभोवती लाल पेन्सिलीने खूण करायची, याचा निर्णय करताना छायाचित्रकार आपोआप घडत असे. आज एका संध्याकाळी हजार छायाचित्रे निघतात आणि त्यांतली साठ तशीच पाठवली जातात. साठ छायाचित्रांवर कोणीही मनापासून बोलू शकत नाही. पाच दाखवावीत, आणि शक्य तर त्यांच्या आधी-नंतरच्या दोन-तीन चौकटी सोबत ठेवाव्यात. हीच का निवडली, यावरचे बोलणे बहुधा सर्वांत फलदायी ठरते. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिये-ब्रेसाँ दुसऱ्यांची छायाचित्रे उलटी धरून पाहत असत, असे सांगितले जाते. उलटे धरले, की चेहरे आणि गोष्ट बाजूला पडतात. उरतात ते आकार, उजेड-अंधाराचे तोल आणि कडेला सांडलेला पसारा. फोनवर हा प्रयोग करून पाहायला काही खर्च येत नाही. मात्र फोनचा पडदा तळहाताएवढा. समाजआरतीच्या त्या समुदायातले थरथरणारे टाळ त्यावर दिसायचेच नाहीत. चर्चेसाठी छायाचित्र छापून टेबलावर पसरावे. चार बाय सहा इंचांची प्रिंट काढून देणारा स्टुडिओ फलटणसारख्या गावात आजही सापडतो.

चर्चा करणारे सगळेच छायाचित्रकार असले, की बोलणे हटकून लेन्सवर घसरते. दोघे तरी बाहेरचे हवेत: चित्रकलेचा शिक्षक, दिंडीत चालणारा वारकरी, घरातली वडीलधारी बाई. वारकऱ्याला लगेच कळते, की वीणेकऱ्याला चौकटीत कडेला ढकलून अर्धे कापले आहे. छायाचित्रकाराला तो दिंडीतला आणखी एक माणूस वाटलेला असतो. आणि बायका दुसरेच काही पाहतात. पहाटे टँकरच्या आडोशाला आंघोळ करणाऱ्या, ओले लुगडे वाळवणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी ‘वारीतले जीवन’ म्हणून फिरतात. पुरुषांच्या गटात त्यातला पिवळसर प्रकाश वाखाणला जातो. एखादी बाई मात्र विचारते, ‘हिला विचारले होते का?’ रचना, रंग, प्रकाश या सगळ्यांच्या आधीचा हा प्रश्न आहे. तो विचारणारे माणूस गटात नसेल, तर बाकी चर्चा कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी अपुरी राहते.

याला दुसरी बाजू आहे आणि तीही लक्षात घ्यायला हवी. नियमित भेटणाऱ्या गटाची हळूहळू एकच आवड बनते. सात-आठ जण वर्षभर एकमेकांची छायाचित्रे पाहतात आणि वर्षाअखेरीस कोणते कोणाचे हे ओळखू येईनासे होते. चौकटीचे तीन भाग करून विषय रेषेवर ठेवण्याचा नियम सगळ्यांनी पाठ केलेला असतो. अशा वेळी गटाबाहेरचे काम मध्ये आणून ठेवणे हा चांगला उतारा आहे. वारीवरचीच दोन मराठी छायाचित्रपुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. संदेश भंडारे यांनी वारीत मिसळून, माणसांच्या खांद्याएवढ्या उंचीवरून ती पाहिली. उद्धव ठाकरे यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पाहावा विठ्ठल’मध्ये तीच वारी आकाशातून दिसते, माणसे ठिपके होतात आणि रस्ता प्रवाहासारखा वळत जातो. दोन्हींपैकी ‘बरोबर’ कोणते, या वादात अर्थ नाही. कुठून पाहिले असता काय हरवते आणि काय सापडते, यावर तासभर बोलता येते, आणि त्या तासानंतर आपले छायाचित्र निराळे दिसू लागते. न पटलेला सल्ला सोडून देण्याचा हक्कही छायाचित्रकाराला आहेच. पाचांपैकी एकाने दोष काढला तर तो त्याच्या आवडीचा प्रश्न असू शकतो. पाचही जण चौकटीच्या एकाच कोपऱ्यात अडखळले, तर तो कोपरा पुन्हा तपासावा.

मोठ्यांनाही यातून सुटका नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या ‘मॅग्नम’ या जगप्रसिद्ध संस्थेत प्रवेश हवा असेल तर आधीच्या सभासदांपुढे कामाचा संच ठेवावा लागतो, आणि पूर्ण सभासदत्व मिळण्यापूर्वी काही वर्षांनी पुन्हा ठेवावा लागतो. १९७७ साली कार्तिये-ब्रेसाँ यांनी तेथे रघू राय यांचे नाव सुचवले, ते त्यांची छायाचित्रे पाहूनच.

फलटणच्या दृष्टीने यात हौसेपलीकडचेही काही आहे. वारीची गाजलेली छायाचित्रे बहुतेक पाहुण्यांनी काढलेली आहेत. पाहुणा पालखीबरोबर येतो आणि पालखीबरोबर जातो. त्याला तुळस, फुगडी आणि अश्व दिसणार, हे स्वाभाविक आहे. यजमान गावाची वारी वेगळी असते. आदल्या दिवशी मैदानावर होणारी आखणी, घरोघरी लाटल्या जाणाऱ्या पोळ्या, ओळखीच्या दिंडीची दरवर्षी वाट पाहणारे कुटुंब, दवाखान्यापुढे फोड आलेल्या पायांची रांग, आणि पालखी बरडकडे गेल्यावर मागे उरलेले पत्रावळींचे मैदान व ते झाडणारे हात. हे फलटणकरालाच काढता येईल, कारण तो आदल्या दिवशीही तिथे असतो आणि दुसऱ्या दिवशीही. पण अशा छायाचित्राला ‘अप्रतिम’ मिळत नाही. झाडणाऱ्या हातांखाली कोणी ‘माउली’ लिहीत नाही. काढणारा एकदा काढतो, प्रतिसाद येत नाही म्हणून सोडून देतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तुळशीकडे वळतो. त्याला त्या वेळी चार माणसे हवी असतात, जी म्हणतील, की हे कोणी काढलेले नाही. हे अजून जवळून, अजून दोन वर्षे काढ.

वारीनंतर फलटणचा मोठा सोहळा म्हणजे मार्गशीर्षातला श्रीरामाचा रथोत्सव. पालखी आणि रथ यांच्यामध्ये सुमारे पाच महिने जातात. आषाढातली पाच-पाच छायाचित्रे छापून महिन्यातून एकदा टेबलावर पसरण्यासाठी हा अवधी पुरेसा आहे. रथाची गेल्या वर्षीची छायाचित्रेही त्याच टेबलावर यावीत. रथ अरुंद रस्त्यावर येतो तेव्हा सगळे कॅमेरे समोरून असतात आणि सगळ्या छायाचित्रांत रथापेक्षा पुढच्या माणसाचा उंचावलेला मोबाइलच मोठा आलेला असतो, हे एकाच्या छायाचित्रात ध्यानात येत नाही. सात जणांची शेजारी ठेवली की येते. मग या वर्षी कोणी गच्चीवर, कोणी दोर ओढणाऱ्यांच्या रांगेत आणि कोणी रथ पुढे गेल्यानंतरच्या रिकाम्या रस्त्यावर उभे राहायचे, हे निघण्याआधी ठरवता येते.